घुबडघळ आणि रबराचं कव्हर

आम्हाला लांडगा हवा होता. जिवंत, दिवसाउजेडी आणि तोंडात सुंदररावांची शेळी धरलेला! तोही फोटोत, आणि तोही रविवारच्या आत. रविवारी पालीच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका छोट्या वाडीत बैठक बसणार होती, आणि दिवाणला विष घालायचं की नाही हे त्या बैठकीत ठरणार होतं. खरं म्हणजे ते ठरलेलंच होतं, विष कालवायचं कुणी एवढंच बाकी होतं.

दिवाण हा सटवामामांचा कुत्रा. काळाकुळकुळीत, अंगानं वासराएवढा, आणि उजवा पुढचा पाय तेवढा गुडघ्यापर्यंत पांढरा. चुन्याच्या डब्यात पाय घालून आल्यासारखा. सटवामामा आणि चतुरामावशी हे मेंढपाळ जोडपं दर उन्हाळ्यात, नांगरटीच्या आधी, केजला आमच्या शेतात मेंढरं बसवायला येतं. रात्री मेंढरं शेतात बसतात, लेंड्यांचं खत पडतं, आणि आम्ही त्यांना ज्वारी देतो. आजोबांपासून हे असंच चालू आहे. मामा-मावशींना मूलबाळ नाही. मावशी भाकरी करायला बसली की पहिली भाकरी दिवाणची, दुसरी मामांची. मामा त्यावरून कुरकुरतात, पण तव्याजवळ बसून वाट बघतात.

संक्रांतीपासून वाडीतल्या शेळ्या गायब व्हायला लागल्या. सुंदररावांच्या सगळ्यात जास्त. आणि त्याच डोंगरावर चरणाऱ्या मामांच्या कळपातलं मात्र एक कोकरूही गेलं नाही! सुंदररावांनी सरळ हिशेब मांडला. लांडगा असता तर त्यानं मामांची मेंढरं सोडली असती का? ज्याचं काहीच जात नाही, त्याचाच कुत्रा चोर. त्यांनी दिवाणला आपल्या दारात साखळीनं बांधून ठेवलं. माणूस दुष्ट नाही हो, दिवाणला वेळेवर पाणी आणि भाकरी देत होते. पण शेळ्या गेल्या होत्या आणि डोकं फिरलं होतं. मामांना त्यांनी एकच वाक्य ऐकवलं, "लांडगा दाखवा, कुत्रं सोडतो." वन खात्याला कळवलं होतं, त्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता. दिवाणकडे पुढचा आठवडा नव्हता.

मग मावशीचा मला फोन आला. ही बाई रडताना मी कधी बघितली नव्हती. "माझ्या दिवाणला मारत्यात, ताई," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढत रानोमाळ हिंडते. लांबचं टिपणारी मोठी लेन्स सगळ्या ओळखीपाळखीत माझ्याकडेच. मोबाइलवर लांडगा काढायचा तर त्याच्या मांडीवर जाऊन बसावं लागतं. मी मावशीला येते म्हणाले आणि फोन ठेवला.

आता कव्हराचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं.

माझा धाकटा भाऊ श्रीशैल. केजला आमच्या अप्पांचं, म्हणजे रुद्रप्पांचं, मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, ते आता हाच बघतो. त्यानं माझ्या कॅमेऱ्यासाठी रबराचं कव्हर मागवलं. काळं, जाड, कॅमेऱ्याच्या अंगाला मोज्यासारखं घट्ट बसणारं. मी म्हटलं, कॅमेऱ्याला कव्हर म्हणजे म्हशीला स्वेटर! बटणं दाबायला जड जातील, आत धूळ अडकेल, आणि लेन्स नि काच उघडीच राहणार, मग उपयोग काय? तो म्हणाला, एकदा दगडावर आपटला की उपयोग कळेल. आमचं भांडण स्वयंपाकघरापर्यंत गेलं. आईनं पोळी लाटता लाटता गळ्यातल्या चांदीच्या चौक्याला हात लावला. आत तिचं इष्टलिंग असतं, ते ती उघडं कधी ठेवत नाही. म्हणाली, जपायच्या वस्तूला घर पाहिजे. झालं, न्यायालय उठलं!

श्रीशैलनं रात्रीत कव्हर चढवलं. चढवताना कॅमेऱ्याचा गळपट्टा मध्ये येत होता, म्हणून त्यानं पट्टा सोडवला आणि कव्हराच्या कानांना जी भोकं होती त्यांतून ओवला. वर त्यानं कव्हराला करडईचं तेल चोळलं. हसू नका. आमच्या दुकानात हीच रीत आहे. पंपाचे वॉशर, वॉल्व्हचं रबर, पाइपाच्या रिंगा, सगळ्यावर करडईच्या तेलाचं बोट फिरतं. मराठवाड्याच्या उन्हात रबर तडकतं, तेलानं मऊ राहतं, चकाकतं, गिऱ्हाईक खूश होतं. आठवडाभर रोज संध्याकाळी हा गडी कव्हराला तेल चोळत होता. शनिवारी पहाटे मी कॅमेरा हातात घेतला तर भज्यांच्या गाड्यावर उभं राहिल्यासारखा वास! शिवाय कव्हर मला जरा ढिलं वाटलं. तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "ढिलं न्हाई ताई, मोकळं झालंय." मी दात ओठ खाल्ले आणि मोटरसायकलवर मागे बसले.

मांजरसुंब्याचा घाट उतरून पालीला पोचलो तेव्हा बिंदुसरा धरणाच्या पाण्यावर ऊन नुकतं पडत होतं. फाल्गुन लागायचा होता, तरी डोंगर पार वाळून गेलेला. वर चढताना वाडी लागते. सुंदररावांच्या दारासमोर दिवाण बांधलेला होता. मला बघून उठला, साखळी ताणली, शेपटी हलवली. भुंकला नाही. शेजारी सुंदररावांच्या घरच्या विमलबाई शेळ्या सोडत होत्या. त्यांतली एक पांढरीशुभ्र, चांदी नावाची. सगळ्या शेळ्यांच्या गळ्यात जुन्या ट्यूबचे पट्टे होते, स्वतः सुंदररावांनी कापलेले, आणि चांदीच्या पट्ट्याला एक पितळी घुंगरू. सुंदरराव ओट्यावरून म्हणाले, उद्या सकाळपर्यंत काय ते दाखवा. मी मान हलवली. त्यांच्याशी भांडायला तोंड शिवशिवत होतं, पण वर चढायला लागले.

सटवामामा डोंगराच्या कडेला वाट बघत होते. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यांच्या मते लांडगीचं बीळ घुबडघळीत होतं. ही घळ म्हणजे डोंगर मधोमध चिरल्यासारखी अरुंद दरी. दोन्ही बाजूंनी काळा खडक, तळाला कोरडा नाला, आणि घुबडं दिवसासुद्धा घुमतात म्हणून हे नाव. मामा म्हणाले, घळ आपल्याला तळहातासारखी ठाऊक आहे. मग त्यांचं नाक हललं. ते माझ्याजवळ आले, कॅमेऱ्यावर वाकले आणि त्यांचा चेहरा पडला.

"आवं ताई, ह्यो भज्याचा वास कावून येतोय? लांडग्याचं नाक लई तिखट अस्तंय."

श्रीशैल आभाळाकडे बघायला लागला. मामांनी वाटेवरच्या ओलसर लेंड्या उचलल्या आणि माझ्या कॅमेऱ्याच्या कव्हराला दोन्ही हातांनी चोळल्या! तेलावर लेंड्या! मी डोळे मिटून घेतले. विज्ञान शिकवणाऱ्या बाईवर काय काय वेळ येते बघा. आता लांडगीला मेंढरू वाटेल, म्हणाले. पुढे हात धोतराला पुसले आणि चालायला लागले.

तळहातासारखी ठाऊक असलेली घळ पहिल्या वळणालाच बदललेली निघाली. पायवाट मागच्या पावसात ढासळली होती, आणि जिथे वाट होती तिथे आता मुरमाचा घसारा होता. मामा क्षणभर थांबले, असंच जायचं असतं असं तोंड केलं आणि बसून घसरत उतरले. श्रीशैल मागे. मग मी. दोन पावलं बरी गेली. तिसऱ्याला मुरूम सुटला!

मी गेले. पाठीवर, कोपरावर, मग कुशीवर. हिवराच्या काट्यांत घुसले, त्यातून बाहेर फेकले गेले आणि खाली एका दगडाशी आडवी झाले. कॅमेरा गळ्यातून झोका घेऊन त्याच दगडावर आदळला. धप्प! कोपरातून रक्त येत होतं, त्याच्याकडे बघितलंही नाही, आधी कॅमेरा बघितला. कव्हराच्या कोपऱ्यावर पांढरा ओरखडा, काट्यांच्या दोन-तीन रेघा, आणि आत कॅमेरा ठणठणीत. चालू केला, चालू झाला. त्या कव्हराशिवाय कॅमेऱ्याचा तुकडाच पडला असता, हे मला कबूल करावं लागलं. श्रीशैल माझ्या कोपराला रुमाल बांधत होता आणि कव्हराचा विषयही काढत नव्हता. त्याचं हे मोठेपण सहन करणं मला फार जड गेलं. शेवटी मीच म्हटलं, बरं बाबा, कव्हर चांगलं आहे.

घळीच्या निम्म्यावर एक आडवी कड होती. तिथून समोरच्या खडकाखालचं बीळ स्पष्ट दिसत होतं. बिळापुढे सपाट कातळ, त्यावर हाडं, केस, वाळलेल्या कातड्याचे तुकडे. मध्ये खोल नाला. वारा त्या बाजूनं आमच्याकडे येत होता, म्हणून मामांनी हीच जागा धरली. आम्ही पालथे पडलो आणि वाट बघत राहिलो.

ऊन चढलं, खडक तापला. पोटाखालून चटके बसत होते. कव्हर घामानं आणि तेलानं हातात बुळबुळीत झालं होतं, मी ते पुनःपुन्हा ओढणीला पुसत होते. मामा कुजबुजत दिवाणच्या गोष्टी सांगत होते. दिवाळीत तो गडी आठ दिवस बेपत्ता झाला होता, आणि परत आला तो हाडाचा सापळा होऊन. मावशीनं त्याला दूध पाजून उभा केला. तेव्हापासून राखणीला असा पक्का झाला की लांडगी कळपाच्या आसपास फिरकेना. मामांना त्याचा फार अभिमान. दुपार कलली तशी पश्चिमेला निळंकाळं काहीतरी वर यायला लागलं. मामांनी तिकडे बघून घोंगडी जवळ ओढली.

आणि घुंगरू वाजलं.

छन्... छन्... छन्. घळीच्या वरच्या तोंडाकडून, पावलागणिक. श्रीशैलनं माझ्याकडे बघितलं. शेळी चुकून खाली आली की काय? मला वाटलं, चला, निदान एक जीव परत नेऊ. मी मान उंचावून बघितलं. शेळी चालत नव्हती. शेळी येत होती!

लांडगी होती ती. उंच, करडी, बरगड्या दिसणारी. चांदीला मानेपाशी धरून ती मागे मागे ओढत कातळावर आणत होती, आणि प्रत्येक हिसक्याबरोबर गळ्यातलं घुंगरू वाजत होतं. सकाळी विमलबाईंनी माझ्यासमोर सोडलेली शेळी! पण पुढच्या क्षणी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दिवाण साखळीत आहे. सुंदररावांच्या दारात, सुंदररावांच्या डोळ्यांपुढे. यापेक्षा मोठा पुरावा कुठला? मी कॅमेरा डोळ्याला लावला, नेम धरला, बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. रबर दबत होतं, खालचं बटण दबत नव्हतं. कव्हर सरकलं होतं! बटणावरचा फुगवटा बटणावर राहिलाच नव्हता. समोर लांडगी, तोंडात शेळी, आणि मी रबर चिवडतेय! श्रीशैलला तिथेच घळीत ढकलून द्यावं असं वाटलं. मी कव्हराची कड नखानं उचलली, बोट आत घातलं आणि उघडं बटण दाबलं. खट्! खट् खट् खट्! लांडगीनं एकदम मान वर केली. पिवळे डोळे सरळ लेन्समध्ये. खट्! तिनं शेळी खाली टाकली आणि बिळाकडे तोंड करून बारीक कण्हल्यासारखा आवाज काढला.

बिळातून पिल्लं आली. एक करडं. दुसरं करडं. तिसरं धडपडत आलं, तेही करडं. मी फोटो काढत होते. मग चौथं आलं, आणि माझं बोट थांबलं.

ते काळं होतं. काळंकुळकुळीत. कान जरा पडलेले. आणि उजवा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा.

मी कॅमेऱ्यावरून डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. चुन्याच्या डब्यात घातल्यासारखा पाय. लांडगीच्या पोटाखाली शिरून ते घुंगराला पंजा मारत होतं. दिवाळीतले आठ दिवस! मामांच्या कळपाकडे न फिरकणारी लांडगी! हा फोटो दिवाणला सोडवणार होता, आणि हाच फोटो त्याचा जीव घेणार होता. सुंदररावांनी हे पिल्लू बघितलं की ते काय म्हणणार, हे मला त्यांच्याच आवाजात ऐकू आलं. घरातलं कुत्रं लांडगीचा दादला निघालं. त्यानंच शेळ्या दाखवल्या असणार.

"आला का फोटो?" श्रीशैलनं कानात विचारलं; नुसत्या डोळ्यांनी त्याला लांडगीच्या पोटाखालचं ते पिल्लू दिसलं नव्हतं. आला म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघितलं, पण ऊन काचेवर चमकत होतं आणि त्यांची नजर आता अधू झालीय. त्यांना पांढरी शेळी दिसली, तेवढ्यावर त्यांनी हात जोडले. आणि मी कॅमेरा बंद करून टाकला. काय बोलणार होते?

विचार करायला वेळही मिळाला नाही. आभाळ गडगडलं आणि घळीत एकदम संध्याकाळ झाल्यासारखा अंधार पडला. थंडगार वारा आला. मग पहिली गार खडकावर फुटली. लिंबाएवढी! दुसरी मामांच्या खांद्यावर. "उठा!" मामा म्हणाले आणि आम्ही कडेवरून धावत सुटलो.

गारांचा मारा सुरू झाला. खडक पांढरा झाला, पाय ठरेना. मामांनी घोंगडी डोक्यावर धरली, तिच्याखाली आम्ही तिघं, एकमेकांना धरून, खडकाला पाठ लावून सरकत होतो. कॅमेरा मी छातीशी धरला होता. गारा कव्हरावर आपटून उडत होत्या, मनात म्हटलं, चला, हेही त्यानं सोसलं. कडेच्या टोकाला एक फट ओलांडायची होती. श्रीशैल गेला. मी पाय टाकला. गारेवर पडला! मी झोकांडले, हात कॅमेऱ्यावर आवळला, आणि...

सुळ्ळकन!

माझ्या मुठीत कव्हर होतं. गळ्यात पट्टा होता. पट्टा कव्हराला होता. आणि कॅमेरा नव्हता! पिकल्या केळातून गर निसटावा तसा तो तेलकट, लेंडाळलेल्या, भिजलेल्या रबरातून निसटून घळीत गेला होता. खाली दोनदा आपटल्याचा आवाज आला. मी रिकाम्या कव्हराकडे बघत राहिले. आत हात घालूनही बघितलं! माणसाचं डोकं अशा वेळी काय करेल सांगता येत नाही.

श्रीशैल वाकून बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. कॅमेरा खडकावरून उसळून अरुंद नाल्यापलीकडे, बिळाच्या कातळाखालच्या एका खाचेत अडकला होता. शेळी तिथेच पडलेली. लांडगी दिसत नव्हती. "पट्टा मीच कव्हराला बांधला," तो म्हणाला. माझ्या तोंडून चांगलं दोन हात लांब काहीतरी बाहेर येणार होतं, पण त्याच्याकडे बघून ते आतच राहिलं. मामा म्हणाले, जाऊ द्या तो डबा, आभाळ फाटलंय. त्यावर श्रीशैल म्हणाला, दिवाण त्या डब्यात आहे. मग मामांनी मुकाट्यानं पागोटं सोडलं.

लाल पागोट्याचं एक टोक श्रीशैलच्या कमरेला, दुसरं मामांच्या हातात, मामांच्या कमरेला मी. श्रीशैल उतरला. नाला अजून कोरडाच होता, गारांचा नुसता थर. तो धावत पलीकडे गेला, कातळावर चढला. शेळीपाशी थांबला. वाकला. तिच्या गळ्यातला ट्यूबचा पट्टा ओढून काढला आणि आपल्या मनगटात अडकवला. मग खाचेकडे वळला, पोटावर पडून हात लांब केला. पागोटं संपलं होतं. कॅमेरा हातभर पुढे होता.

तेव्हाच घळीच्या वरच्या बाजूनं आवाज आला. आधी वाटलं, गडगडतंय. पण तो थांबेना, वाढतच गेला. मामांनी पागोटं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. डोंगरावरचं सगळं पाणी घळीत उतरलं होतं!

आणि त्याच वेळी मला ती दिसली. बिळाच्या वर, खडकाच्या पायरीवरून लांडगी पिल्लं हलवत होती. मानेला धरून एकेक वर नेत होती, आमच्याकडे लक्षही न देता. तीन वर पोचली होती. तोंडात चौथं होतं. काळं. पांढरा पाय हवेत लोंबत होता. श्रीशैलच्या डोक्यावर जेमतेम दोन पुरुष उंचीवरून ती गेली. त्यानं मान वर केली असती तर त्याला दिसलं असतं. मामांनी मान उचलली असती तर त्यांनाही. मामा पागोट्याकडे बघत होते.

श्रीशैलनं कमरेची गाठ सोडायला हात घातला. हातभर अंतरासाठी!

"श्रीशैल, सोड तो! नको मला कॅमेरा, वर ये!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. क्षणभर अडला. मग उलटा फिरला आणि नाल्यात उडी घेतली. लोंढा वळणावरून आला. गढूळ, गारा आणि फांद्यांनी भरलेला, माणसाच्या उंचीचा! श्रीशैल मध्यावर होता. पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं, मग त्याचे पाय उचलले गेले. मामा ओरडले, "ओढा!" आम्ही ओढलं. पागोटं ताणलं, तटतटलं. माझी टाच दगडाला अडकली म्हणून मी वाचले. एकदा त्याचं डोकं दिसेनासं झालं. मी अप्पांचं नाव घेतलं, आईचं घेतलं, महादेवाचं घेतलं, कुणाचं ठेवलं नाही. मग एक हात वर आला, मनगटात काळा पट्टा, आणि मामांनी तो हात धरला.

वर आल्यावर तो बराच वेळ नुसता खोकत होता. खाली कातळ पाण्याखाली गेला होता. शेळी, हाडं, कॅमेरा, काही दिसत नव्हतं. मी त्याच्या पाठीत एक रपाटा घातला आणि मग त्याला मिठी मारून रडले. तो म्हणाला, "ताई, हातभर राहिलता. तू कावून वरडली?" मी म्हटलं, पाणी दिसत नव्हतं का तुला? पाण्यासाठीच ओरडले मी. जास्त करून पाण्यासाठीच.

वाडीत पोचलो तेव्हा गारा थांबल्या होत्या. बातमी आमच्या आधी पोचली नव्हती, पण दुसरी होती. विमलबाई दुपारपासून चांदीला हाका मारत हिंडत होत्या. सुंदररावांचं दार, ओटा, पाण्याची डोण, आणि डोणीशेजारी पोत्याखाली अंग चोरून बसलेला दिवाण. गारा पडताना सुंदररावांनीच त्याच्यावर पोतं टाकलं होतं. दिवसभरात साखळी एकदाही सुटली नव्हती. चतुरामावशी मेंढरं कोंडून तिथे येऊन बसली होती, दिवाणपासून थोडी लांब.

मी सांगितलं की फोटो नाही, कॅमेरा गेला. मावशीनं डोळे मिटले. मग श्रीशैलनं मनगटातला पट्टा काढून ओट्यावर ठेवला. घुंगरू वाजलं. सुंदररावांनी पट्टा हातात घेतला, उलटा केला, आपण कापलेली कड बोटानं चाचपली. त्यावरचं रक्त अजून नीट वाळलं नव्हतं. मामांनी काय बघितलं ते सांगितलं. सुंदरराव ऐकत होते, पण बघत होते दिवाणकडे. माणसाला आपणच आपला साक्षीदार झालेलं कळतं तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी बघितलं.

"माझ्याच दारात बांधलेलं होतं की बे," ते मामांना म्हणाले. दुसरं काही नाही. उठले आणि साखळी सोडली. बीळ कुठे आहे हे त्यांनी विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, बिळात आता पाणी आहे, लांडगी गेली डोंगरापलीकडे. वन खात्याचा माणूस आला की त्याला दाखवू. उद्याची बैठक तिथेच मोडली.

लोक मला आता विचारतात, कॅमेऱ्याला रबराचं कव्हर घ्यावं का? मी म्हणते, घ्या. दगडावर आपटला तर वाचतो, काट्यांचे चरे पडत नाहीत, गारासुद्धा सोसतो. पाण्याचं मात्र त्याला काही कळत नाही, आणि बटण आधी दाबून बघा. गळपट्टा कॅमेऱ्यालाच बांधा, कव्हराला नको. आणि घरात पंपाचं दुकान असेल तर कव्हर भावापासून लपवून ठेवा.

पण हे मी सगळ्यांना सांगते ते. त्या कव्हरातून कॅमेरा निसटला नसता तर काय झालं असतं, ते मी कुणाला सांगत नाही. श्रीशैललाही नाही, तो बिचारा अजून माझी माफी मागतो.

त्या संध्याकाळी मावशीच्या चुलीपाशी आम्ही अंग शेकत बसलो होतो. मामा आणि श्रीशैल मेंढरं मोजायला गेले होते. दिवाण पहिली भाकरी खाऊन माझ्या पायाशी आला, रिकामं कव्हर पुढच्या पायांत धरलं आणि करडईचं तेल चाटायला लागला. एक पाय काळा, एक पांढरा. मी त्या पांढऱ्या पायाकडे बघत होते. बघायला नको होतं. मावशी तव्यावरची भाकरी उलटत होती, तिनं मान वर केली नाही.

"पिल्लांतली काळी किती हायत, ताई?"

मी मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं. मग एक बोट वर केलं. मावशीनं मान हलवली, पुढचा गोळा घेतला आणि थापायला लागली.

"दिवाळीत आठ दिस गेलता न्हवं," ती म्हणाली. "ह्यांना सांगू नगा."

ती भाकरी तिनं दिवाणला दिली नाही, मामांनाही ठेवली नाही. फडक्यात गुंडाळली आणि आम्ही निघायच्या आधी डोंगराच्या कडेला जाऊन ठेवून आली.